येसबाची विलायतेतली जमीन

कॅरॅव्हॅन नं. १४, स्ट्रॉबेरीचा मळा,
ब्लेअरगाउरीजवळ, स्कॉटलंड
१९ मे २०२४

आदरणीय मृणालआत्या यांस,
बबनचा जय भीम.

तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी तळवडच्या चंदाबाईचा मुलगा. माझे पणजोबा येसबा आणि तुमचे आजोबा धोंडबा हे सख्खे भाऊ. आईने तुमचा बर्मिंगहॅमचा पत्ता दिला. म्हणाली, मृणालताई दवाखान्यात कागदांच्या खात्यात होत्या, त्यांना जुना कागद हुडकता येतो. फोन केला असता, पण आमच्या कॅरॅव्हॅनला रेंज नाही, आणि इंग्रजी नावं कुणी फोनवर सांगितली की माझ्या डोक्यातनं जातात. कागदावर असली की दहांदा वाचता येतात. आठवी नापास आहे, चुका पोटात घाला.

सहा महिन्यांच्या व्हिसावर स्ट्रॉबेरी तोडायला आलोय. ऑक्टोबरच्या मध्याला परत. इथं झाडं कमरेएवढ्या उंच टेबलावर लावतात, वाकावं लागत नाही. आईला सांगितलं तर तिला खरं वाटेना.

आता कामाचं. गावात ज्ञानेश्वरतात्या ओढ्याकाठचा बावीस गुंठ्यांचा तुकडा मला द्यायला तयार आहेत. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. पण तहसीलात सांगतात, शेतजमीन घ्यायला तू शेतकरी पाहिजेस, आणि शेतकरी ठरायला आधी शेत पाहिजे. आई चाळीस वर्षं दुसऱ्याच्या रानात खुरपते, मी इथं दुसऱ्याचं फळ तोडतो, आणि कागदावर आम्ही शेतकरी नाही. क्लार्क म्हणाला, बापाच्या, आज्याच्या, पणज्याच्या, कुणाच्या तरी नावावर कधीतरी शेत होतं असा एक कागद आण.

येसबा म्हणायचा, माझी जमीन विलायतेत आहे. गाव अजून आम्हाला विलायतेचे जमीनदार म्हणतं. शाळेत गुरुजीसुद्धा म्हणायचे, जमीनदार, उठा, पाढे म्हणा. तो १९१० साली पुण्याच्या कॅम्पातनं कुणा मेजर साहेबाबरोबर इकडं आला, साहेबाच्या बागेत होता, जागेचं नाव इंचलारी, एवढंच आईला माहीत. तर इथला सात-बारा कुठं मिळतो ते कळवा.

आणखी एक. येसबा परत आला तेव्हा गावच्या वतनाच्या तुकड्यातनं त्याचं नाव गेलेलं होतं म्हणतात. ते कोणत्या साली गेलं, कशानं गेलं? तो तुकडा आता तुमच्या आणि तुमचे भाऊ राजेंद्रकाका यांच्या नावावर आहे, म्हणून विचारतो. तहसीलात साल आणि नंबर दिल्याशिवाय जुनी वही उघडत नाहीत.

आपला,
बबन


बर्मिंगहॅम
२८ मे २०२४

प्रिय बबन,
सप्रेम जय भीम.

कौन्सिलच्या पत्रांखेरीज आमच्या दारातून काही पडत नाही. तुझं पाकीट पडलं तेव्हा वाटलं चुकून शेजारच्यांचं आलं. मग मराठी अक्षर दिसलं. तुझं अक्षर चांगलं आहे, उगाच माफी मागू नकोस.

तू अगदी योग्य वेळी लिहिलंस. डिसेंबरमध्ये आमच्या दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जन्मशताब्दी आहे. त्यांच्यावर मी एक पुस्तक काढते आहे आणि त्यात आपल्या घराण्याचा इतिहास असणार आहे. येसबाआजोबांचं पान मात्र कोरं होतं.

स्कॉटलंडमध्ये सात-बारा नाही, पण दोन गोष्टी आहेत. एक व्हॅल्युएशन रोल. ही दरवर्षीची यादी. प्रत्येक घर आणि जमीन घेऊन त्यापुढे लिहायचं, मालक कोण, भाड्याने कोणाकडे, आणि प्रत्यक्षात राहतं कोण. दुसरं रजिस्टर ऑफ सेसिन्स. त्यात जमिनीचे व्यवहार, चारशे वर्षांचे. सेसिन्स एडिनबराला जाऊन पाहावं लागतं, पण रोल ऑनलाइन शोधता येतात. मी परवा रविवारी बसले. प्रिंट सोबत जोडली आहे.

१९१५ सालचा रोल. इंचलारी, माळ्याचं घर आणि बाग. प्रोप्रायटर: मेजर गिल्क्रिस्ट. ऑक्युपायर: येसबा भिवा, गार्डनर. १९२० मध्येही तेच. १९२५ मध्ये नाव नाही.

बबन, शंभर वर्षांपूर्वीच्या एका स्कॉटिश क्लार्कने आपल्या माणसाचं नाव शाईने लिहून ठेवलंय. मी किचनमध्ये उभ्या उभ्या रडले. चहा गार झाला.

जेवण नीट करतोस ना?

तुझी,
मृणालआत्या


कॅरॅव्हॅन नं. १४
३ जून २०२४

मृणालआत्या,
जय भीम.

प्रिंट उशीखाली ठेवून झोपतो. आमच्या कॅरॅव्हॅनमधला नेपाळी सोबती (त्याला सगळे दाजू म्हणतात) म्हणतो, बायकोचा फोटो असल्यासारखा काय बघतोस.

आत्या, तुम्ही रडलात, पण तुम्हाला कळलं का हे काय आहे ते? मालक गिल्क्रिस्ट, कब्जात येसबा. पंधरा सालीही तोच, वीस सालीही तोच. म्हणजे वहिवाट. हे तर सरळ सरळ कूळ आहे. ज्ञानेश्वरतात्यांच्या वडलांचं काय होतं? मालक इनामदार, कब्जात ते. कायदा आला आणि एका रात्रीत मालक झाले. त्याच जमिनीतला बावीस गुंठ्यांचा तुकडा मी मागतोय. मग येसबाला का नाही?

मी प्रिंटचा फोटो काढून, टेकाडावर रेंज येते तिथं जाऊन तहसीलातल्या अर्ज लिहिणाऱ्याला पाठवलासुद्धा. तो म्हणाला, असला कागद बघितला नाही, पण कॉलम बरोबर दिसतात, साहेबापुढं ठेवू. आईला सांगितलं. आईने पाण्याच्या टाकीवर सांगितलं. म्हणजे गावाला कळलं.

इथल्या सुपरवायझरलाही सांगितलं, माझ्या पणज्याची इकडं जमीन होती. तो ट्रे मोजता मोजता म्हणाला, मग माझी स्ट्रॉबेरी कशाला तोडतोस, आपली तोड की. सगळे हसले. हसू देत.

आता इथनं शिक्क्याची नक्कल कशी काढायची ते लगेच कळवा. आणि गावच्या तुकड्याच्या नोंदीचं विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलं.

बबन


बर्मिंगहॅम
१२ जून २०२४

प्रिय बबन,
जय भीम.

हे पत्र मी तीनदा फाडून लिहिलं आहे. तो फोटो परत मागवून घे.

ऑक्युपायर म्हणजे कूळ नाही. येसबाआजोबा मेजरकडे नोकरीला होते आणि त्या नोकरीचं घर त्यांना राहायला दिलेलं होतं. आपल्याकडे रेल्वेचं क्वार्टर असतं तसं. नोकरी गेली की घर गेलं. रोल करासाठी बनवायचे, त्यातल्या नावाने हक्क मिळत नाही. आणि आपला कूळकायदा आपल्याकडचा आहे, इकडे तो लागू नाही. तो रोल दाखवून तुला शेतकऱ्याचा दाखला कोणी देणार नाही, उलट हसतील. मला ते नको आहे.

मालकी पाहायची तर सेसिन्सच पाहावं लागेल. तिथे नाव असलं तर खरं. मला आशा वाटत नाही, पण तुझ्या समाधानासाठी जाऊन ये. पर्थहून ट्रेन आहे. पासपोर्ट बरोबर ठेव.

चंदावहिनींना माझा जय भीम सांग.

मृणालआत्या


कॅरॅव्हॅन नं. १४
८ जुलै २०२४

मृणालआत्या,

महिनाभर लिहिलं नाही. राग आला होता, खोटं कशाला बोलू. तुम्ही शिकलेली माणसं एका ओळीत माणसाची जमीन काढून घेता. आईला सांगायचं होतं, सांगितलं नाही. टाकीवर आता रोज विचारतात, चंदाबाई, विलायतेचं पाऊसपाणी कसं आहे.

शुक्रवारी सुट्टी घेऊन एडिनबराला जाऊन आलो. मोठी इमारत, आत घुमट. जाकीट, पिशवी, पेन सगळं बाहेर ठेवायला लावलं, हातात एक पेन्सिल दिली. मला वाटलं आता इंग्रजीत परीक्षा घेणार. पण तिथल्या चष्मेवाल्या बाई चांगल्या होत्या. मी कागदावर नाव लिहून दिलं आणि म्हटलं, माय ग्रँडफादर फादर, लँड. त्यांना कळलं. त्यांनी सांगितलं की पूर्वी इकडं जमीन द्यायची तर देणारा घेणाऱ्याला घेऊन त्या रानात जायचा आणि तिथली माती आणि दगड त्याच्या हातात द्यायचा, मग वहीत नोंद. सेसिन म्हणजे ते. मला पटलं. हातात माती आल्याशिवाय कसली जमीन.

येसबाच्या नावावर काही निघालं नाही. दहा ते तीस सालापर्यंत बघितलं. बाईंना वाईट वाटलं, त्या म्हणाल्या, जागेच्या नावाने बघू. इंचलारी निघालं. १९२१ साली मेजरच्या बायकोने सगळी इस्टेट विकली. घर, जंगल, नदीतल्या माशांचा हक्क, आणि शेवटी माळ्याचं घर. येसबा त्याच साली गावी परत आला. आला नव्हता, निघावं लागलं होतं.

तर तुमचं बरोबर होतं. इकडं त्याचं काही नव्हतं. मग मी ट्रेनमध्ये विचार करत बसलो. माणूस कशाला सांगेल, माझी जमीन तिकडं आहे? इथं काय आहे तुझं, असं कुणीतरी तोंडावर विचारलं असेल तर सांगेल.

मग गावी काय होतं? दोन भाऊ, बापाचं वतन, अर्धा अर्धा वाटा. नाव कधी कमी झालं? मला फक्त साल आणि नंबर पाहिजे. दुसऱ्यांदा विचारलेलं आहे, हे तिसऱ्यांदा.

बबन


बर्मिंगहॅम
१९ जुलै २०२४

प्रिय बबन,

एकटा जाऊन आलास याचा अभिमान वाटला. १९२१ ची माहिती पुस्तकात घेते.

सध्या प्रुफांची गडबड आहे. राजेंद्र पुण्याहून फोटो पाठवतोय, तेही वेळेवर येत नाहीत. गावच्या कागदांचं मला फारसं माहीत नाही. दादांनी ते सगळं पाहिलेलं होतं. दादांचा स्वभाव तुला माहीत नाही, दुसऱ्याच्या झाडाचा पडलेला आंबाही आम्हाला उचलू देत नसत. नोंद नियमानेच झाली असणार.

तब्येतीची काळजी घे. तिकडे संध्याकाळी बारीक माश्या फार चावतात असं ऐकलंय.

मृणालआत्या


कॅरॅव्हॅन नं. १४
११ ऑगस्ट २०२४

मृणालआत्या,

माश्या चावतात. तोंडाला जाळी बांधून तोडतो.

मागच्या रविवारी इंचलारीला गेलो. दोन बस आणि मग चार मैल पायी. दाजू म्हणाला, तुला एक दिवस बूड टेकवता येत नाही का. नाही येत. माळ्याचं घर अजून आहे. आता तिथं सुट्टीला माणसं येतात. दारात दोन सायकली, एक कुत्रा. घरवाली म्हणाली, बुकिंग? मी म्हटलं, नो, ग्रँडफादर. तिने मला बाग दाखवली, पाणी दिलं. दगडी भिंत माझ्या खांद्याएवढी आहे आणि तिला टेकून नासपतीचं झाड पसरवलंय. भिंतीबाहेर मैलभर काही नाही, नुसतं गवत आणि वारा. अकरा वर्षं तो तिथं राहिला. मी चार महिन्यांत भिंतीशी बोलायला लागलोय.

तिथं उभं राहून एक गोष्ट कळली. ह्या घराला पत्ता होता. सरकारच्या यादीत त्याचं नाव होतं, दरवर्षी लिहिलेलं. पोस्टमन यायचा. मग गावी कुणीतरी सरकारला काय सांगितलं असेल, की नाव कमी झालं?

दादांनी आंबा उचलू दिला नाही हे ऐकलं. मी आंब्याचं विचारलेलं नाही. तुमच्या घरात कागद जपून ठेवायची सवय आहे, तुमची नोकरीच ती होती. नसेल तर नाही म्हणून लिहा. एक शब्द लिहा. दिवाळी जवळ आली.

बबन


बर्मिंगहॅम
३ सप्टेंबर २०२४

बबन,

आहे.

मे महिन्यात तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशीही होता. दादांच्या पेटीत, खाकी पाकिटात. दादा गेले त्या वर्षी मी ते उघडलं, वाचलं आणि परत बंद केलं. सोबत पाठवते आहे.

पहिला कागद फेरफाराची नक्कल. मौजे तळवड, फेरफार क्रमांक ११२, सन १९१७. वाचायला कठीण आहे म्हणून उतरवून देते: 'भिवा मयत. वारस मुलगे दोन, धोंडबा व येसबा. पैकी येसबा हा परागंदा असून त्याचा ठावठिकाणा लागत नाही, असा जबाब धोंडबा याने दिला. सबब येसबा याचे नाव कमी केले.' खाली माझ्या आजोबांचा अंगठा.

दुसरं एक पोस्टकार्ड आहे. इंचलारीचा शिक्का, मार्च १९१६. म्हणजे जबाबाच्या एक वर्ष आधी. येसबांनी स्वतः लिहिलंय, कॅम्पात असताना मराठी लिहायला शिकले असणार. चारच ओळी आहेत. 'मी खुशाल आहे. बर्फ फार. माझा वाटा तू कस आणि खा, माझी ना नाही. नाव तेवढं राहू दे.'

दोन्ही एकाच पाकिटात. दादांनी ते एकत्र ठेवले होते, म्हणजे त्यांनी दोन्ही वाचले होते. मी आयुष्यभर त्यांच्या भाषणांच्या वह्या जपल्या, माणसाला त्याचा हक्क मिळाला पाहिजे असं पानोपानी लिहिलेलं आहे. त्या पेटीत हेही होतं. मला पुस्तक करायचं होतं, म्हणून मी तुला व्हॅल्युएशन रोल शोधून दिला, सेसिन्सला पाठवलं. तुझी चौकशी तिकडेच फिरत राहावी असं मला वाटत होतं. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

माफी मागत नाही. ती तू द्यायची का ते तुझं तू बघ.

मृणाल


कॅरॅव्हॅन नं. १४
९ सप्टेंबर २०२४

पोचलं.

बबन


बर्मिंगहॅम
१० ऑक्टोबर २०२४

बबन,

तू निघण्याआधी हे पोचावं म्हणून फर्स्ट क्लासने टाकते.

मी राजेंद्रला सगळं सांगितलं. तो चिडला. म्हणतो, आता तो पोरगा कोर्टात जाईल, अर्धी जमीन मागेल, आणि शताब्दीच्या महिन्यात दादांचं नाव पेपरात येईल. पोस्टकार्ड तरी परत मागव, म्हणतो. मी त्याला म्हटलं, ते आपलं नव्हतंच, परत कसं मागवू.

तू वाटा मागितलास तर माझ्या हिश्शातून मी सही करून देईन. राजेंद्रचं माझ्या हातात नाही. पण तू काय करणार आहेस ते मला कळू दे. पुस्तक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात छापायला जातं. येसबाआजोबांचं पान अजून लिहिलेलं नाही. काय लिहावं कळत नाही.

मृणालआत्या


मु. तळवड, जि. सातारा
२४ नोव्हेंबर २०२४

मृणालआत्या,
जय भीम.

तुमचं पत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. उत्तर तिथनं लिहिलं नाही कारण हात शिव्या लिहीत होता. विमानात पण तेच. आता लिहितो.

आल्या आल्या तहसीलात गेलो. साल आणि नंबर सांगितला. वही निघायला नऊ दिवस लागले, मी नऊ दिवस बाकड्यावर बसलो. शिपाई म्हणाला, तू इथंच कामाला लागलास का. वही निघाली. क्लार्कने मोठ्याने वाचलं, येसबा परागंदा, नाव कमी केले. मग तो माझ्याकडं बघून म्हणाला, अरे, नाव कमी केलंय. मला वाटलं संपलं. तर म्हणतो, कमी केलंय म्हणजे आधी होतं, नाही का. पणज्याचं नाव वारसात आलंय, बस झालं. शिक्का मारला.

तर धोंडबाच्या अंगठ्यामुळं मी शेतकरी झालो. आईला सांगितलं तर ती दहा मिनिटं हसली आणि मग चुलीपुढं जाऊन बसली.

ज्ञानेश्वरतात्या दिवाळीनंतरही थांबले होते. म्हणाले, तुझी आई माझ्याच रानात खुरपत होती, तिच्याआधी दुसऱ्याला कसा देऊ. परवा रजिस्टर झालं. मी त्यांना रानात घेऊन गेलो आणि म्हटलं, मूठभर माती माझ्या हातात द्या, तिकडं अशी पद्धत आहे. ते म्हणाले, तिकडं काय तोडायला गेला होतास, स्ट्रॉबेरी की डोकं. पण दिली. आई म्हणाली, आता सोमवारी मुकादम हाक मारायला आला तर त्याला काय सांगू. तीन दिवस ती वेगवेगळी उत्तरं पाठ करतेय.

राजेंद्रकाकांना सांगा, मी कोर्टात जाणार नाही. तुमच्या हिश्शातलंही काही नको. येसबाने लिहिलंय, तू कस आणि खा, माझी ना नाही. त्याचा शब्द मी मोडत नाही. पोस्टकार्ड मी तहसीलात दाखवलं नाही. लागलंही नाही.

पण त्याने पुढं आणखी एक लिहिलंय, आणि ते कुणी केलेलं नाही. मी तलाठ्याला विचारलं, माझ्या नव्या सात-बाऱ्यावर पणज्याचं नाव लावता येतं का. तो म्हणाला, मेलेल्या माणसाच्या नावावर खरेदी होत नाही, डोकं ठिकाणावर आहे का. तर सरकारच्या वहीत ते आता येणार नाही. तुमच्या पुस्तकात येऊ शकतं.

तुम्हाला काय लिहावं कळत नाही म्हणता. काही लिहू नका. दोन्ही कागदांचे फोटो या पत्रात आहेत. पोस्टकार्ड छापा, आणि समोरच्या पानावर फेरफार ११२ छापा, अंगठ्यासकट. दादांच्या फोटोच्या आधी. खाली काही समजावून सांगू नका, लोकांना वाचता येतं. दादांनी दोन्ही कागद फाडले नाहीत, जपून ठेवले, हे तुम्ही लिहू शकता. ते खरं आहे आणि मला त्याबद्दल राग नाही.

छापलंत तर एक पुस्तक आईच्या नावाने पाठवा, मी वाचून दाखवीन. नाही छापलंत तर मी दोन्ही कागद माझ्या हाताने मोठ्या अक्षरात उतरवून चावडीवर लावीन. माझं अक्षर चांगलं आहे असं तुम्हीच लिहिलं होतं.

उत्तर लवकर द्या. पहिला आठवडा जवळ आला.

आपला,
बबन